कुंकवाखालचे शब्द

१

पतसंस्थांच्या चेअरमन-मॅनेजर मंडळींनी भरलेल्या गंगापूर रोडवरच्या हॉलात तेजलनं पडद्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "आमच्या मंडळाकडे किती पैसे आहेत, ते जगातला कुणीही माणूस, कुठूनही, आत्ता या क्षणी बघू शकतो."

पडद्यावर शून्य आलं.

तिनं पान परत उघडलं. परत शून्य. मग मागच्या रांगेतून निफाडकडचे एक म्हातारे चेअरमन म्हणाले, "पोरी, बघता येतंय हे खरं हाय. पण बघायचं काय?"

हॉल हसला. सत्काराच्या शाली पुढच्या टेबलावर घडीतच राहिल्या.

टेलवा हे एक ब्लॉकचेन नेटवर्क. म्हणजे अशी वही, जिच्या प्रती जगभरातल्या हजारो संगणकांवर असतात आणि जिच्यात एकदा लिहिलेलं कुणाच्या बापाला पुसता येत नाही. ती वापरणाऱ्या लोकांनी मिळून निधी जमवलेला, आणि तो कुणाला द्यायचा ते मतदानानं ठरायचं. टेलवाचा प्रसार करणाऱ्या नाशिकच्या मंडळानं मागणी केली की आमच्या जिल्ह्यातल्या पतसंस्थांना, सहकारी बँकांना हे समजावतो, त्यांना यात आणतो, खर्च द्या. पिंपळगाव बसवंत नकाशावरही न पाहिलेल्या लोकांनी मतं दिली आणि पैसे पाठवले.

मागणी खोटी नव्हती. बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवायचा, त्याची पावती एका पतसंस्थेत तारण ठेवून कर्ज उचलायचं, आणि त्याच मालाची दुसरी पावती बनवून घेऊन दुसरीकडूनही उचलायचं, हा धंदा आपल्याकडे नवा नाही. पावती टेलवावर नोंदली की माल आधीच अडकलाय हे दुसऱ्या पतसंस्थेला लगेच दिसणार. तेजल गावोगाव हेच सांगत फिरत होती.

मंडळाच्या तिजोरीला तीन चाव्या. चावी म्हणजे पेनड्राइव्हएवढं यंत्र, पिन टाकला की त्यातून सही होते. तीनपैकी कुठल्याही दोन सह्या झाल्या की पैसे हलतात. पहिली चावी मंडळाचे अध्यक्ष धनराज बोरस्ते यांच्याकडे, जे पिंपळगावच्या द्राक्षवेल पतसंस्थेचे चेअरमनही होते. दुसरी तेजलकडे. तिसरी प्रफुल्ल पगारेकडे, ज्यानं ही सगळी व्यवस्था बसवून दिली होती.

पैसे कुठल्या चाव्यांनी हलले हेही त्या वहीत दिसतं. पहिली आणि दुसरी. प्रफुल्लची चावी वापरलीच गेली नव्हती.

तरी जेवणाच्या रांगेत, श्रीखंड संपायच्या आत, चोर ठरला. प्रफुल्ल पगारे.

२

कसा ठरला ते ऐका.

"कॉम्प्युटरमधलं कळतं कुनाला? त्यालाच," नवनाथ म्हणाला. नवनाथ मंडळाचा कार्यवाह. मंडप, जेवण, फोटो, ठराव, सगळं त्याच्याकडे. "आन् चोर सोताची चावी कशाला वापरंल? दुसऱ्याचीच वापरनार."

म्हणजे चावी वापरली असती तरी तो चोर, नाही वापरली तरी तोच. आपल्याकडे चोर शोधायची पद्धत सोपी आहे. आधी आडनाव बघायचं, पुरावा मागाहून येतो.

पुरावा खंडेनवमीचा होता. यंत्र हरवलं तर चोवीस शब्द असतात. ते त्याच क्रमानं नव्या यंत्रात घातले की तीच चावी पुन्हा तयार होते. कागद भिजतो, जळतो, म्हणून प्रफुल्लनं सातपूरच्या एका वर्कशॉपातून स्टीलच्या पट्ट्या आणल्या, आणि प्रत्येकानं एकट्यानं बसून पंच-हातोडीनं आपापले शब्द त्यावर ठोकले. मग खंडेनवमी आली. त्या दिवशी माणूस आपली हत्यारं पुजतो. सुतार रंधा पुजतो, ड्रायव्हर टेम्पो पुजतो. मंडळाचं हत्यार कोणतं, तर ह्या पट्ट्या. धनराजअप्पांच्या केबिनमध्ये पाटावर त्या मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, दसऱ्याला एका लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवल्या. खणाला कुलूप नाही. "देवापाशीच राहू द्या," अप्पा म्हणाले. ज्यांच्या जोरावर पैसे जपायचे, त्या दोन चाव्यांचे शब्द एकाच फडक्यात. अख्ख्या जगात ही चूक आपणच करू जाणे.

प्रफुल्लनं आपली पट्टी आणलीच नव्हती. तो भिंतीशी उभा होता. "मी पूजा करत नाही, तुम्ही करा. फक्त दोघांचे शब्द एका खणात ठेवू नका," एवढंच तो म्हणाला, आणि सगळे हसले होते. आता तेच वाक्य त्याच्यावर उलटलं.

"तवाच त्याच्या डोक्यात होतं," नवनाथ म्हणाला. "हात बी नाय जोडले त्यानं."

ठराव झाला. 'प्रफुल्ल पगारे यांनी समुदायाच्या निधीचा अपहार केला, असे मंडळाचे एकमत आहे.' खाली सगळ्यांची नावं. तेजलचंही. कॉलेजात ती आणि प्रफुल्ल एका बाकावर बसलेले. सही करताना तिनं मान वर केली नाही. मंडळाचा प्रत्येक ठराव जिथे जायचा, तिथे हाही गेला.

प्रफुल्ल नाशिकरोडच्या एका सहकारी बँकेत नोकरीला होता, अजून कायम व्हायचा होता. बँकेनं त्याला सांगितलं, निर्दोष असल्याचा मंडळाचा कागद सोमवारी आण. नाही आणलास तर येऊ नकोस.

आणि टेलवाच्या समुदायानं कळवलं, तटस्थ माणसाकडून तपास करा, नाहीतर पुढचा हप्ता विसरा. तेजलनं एक नाव सुचवलं. ते ऐकून धनराजअप्पांच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला.

३

सिंधुबाई खैरनार. सहकार खात्यातल्या निवृत्त लेखापरीक्षक, मूळ सटाण्याकडच्या. नोकरीत असताना त्यांनी भल्याभल्या संचालकांना घाम फोडला होता. स्वतःचा चहा थर्मासमध्ये घेऊन फिरायच्या. ज्याचा हिशेब तपासायचा, त्याच्या दारचं पाणीही घ्यायचं नाही. "ज्याचा चहा प्याला, त्याच्या चुका गोड लागतात," म्हणायच्या.

शनिवारी तेजल त्यांना गाडीतून पिंपळगावला घेऊन गेली. धनराजअप्पा केबिनच्या दारापर्यंत सामोरे आले.

"या ताई, या. चहा सांगू?"

"आणलाय," सिंधुबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. "तुमची चावी कुठंय?"

अप्पांनी जाकिटाच्या आतल्या खिशावर थापटलं. "हितं. आंघोळीला जातो तेवढीच लांब. अन् पिन हितं." कपाळाला बोट लावलं. "बायकोला बी नाय माहीत. मी गेलो तर तो आकडा माझ्याबरोबर जळंल."

"यंत्र कधी कुणाच्या हाती दिलं?"

"कुनाच्याच नाय. जबाबदारी हाय, ताई."

"मग तुमची सही झाली कशी?"

"शब्द चोरले. पट्ट्या आणल्या कुनी? पगारेनं. कसं ठोकायचं शिकवलं कुनी? पगारेनं. तवाच कुठंतरी कॅमेरा लावला असंल."

"खणातून पट्ट्या काढून बघितल्या असतील तर?"

अप्पांनी जरा विचार केला. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो हितं एकटा बसला होता, प्रिंटर दुरुस्त करत. पण खोटं कशाला बोलू, गाठोडं हाललेलं दिसत नाय. उघडू?"

"उद्या. सगळ्यांसमोर. पोलिसात का नाही गेलात?"

"पतसंस्थेचं नाव पेपरात आलं की सकाळी ठेवीदार दारात. हे तुम्हाला मी सांगायचं?"

एवढ्यात अप्पांच्या पत्नी प्रतिभावहिनी डबा घेऊन आल्या. सिंधुबाईंनी त्यांना खुर्ची ओढून दिली आणि पूजेचं विचारलं.

"मीच मांडली होती," वहिनी म्हणाल्या. "पण पंचामृताची वाटी कलंडली ना. हळदकुंकू, अक्षता, सगळ्याचा नुसता लगदा. मी पुसायला गेले तर हे म्हणाले, राहू दे, पुजलेलं पुसू नये. तसंच वाळलं."

"दोन्ही पट्ट्यांवर?"

"दोन्हींवर. शेजारीशेजारीच होत्या की."

दाराशी उभ्या असलेल्या नवनाथनं मोबाइल पुढे केला. "फोटो बघा, मॅडम. लय भारी आला होता. फॉरेनच्या लोकांनी बदाम दिले नुसते."

सिंधुबाईंनी फोटो बोटांनी मोठा केला. लाल-पिवळ्या लगद्यात तांदळाचे दाणे रुतलेले.

"यातला एक शब्द वाच."

नवनाथनं डोळे बारीक केले. "नाय दिसत."

"मला पण नाही. म्हणजे फोटोवरून चोरी झालेली नाही." मोबाइल परत देताना त्यांनी तेजलकडे बघितलं. "चल. आता तुमच्या चोराकडे."

४

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात प्रफुल्लच्या वडिलांची सगळी नोकरी झाली होती. ते वारले, घर राहिलं. अंगणातून केंद्राच्या चिमण्या दिसत. प्रफुल्लनं दार उघडलं, तेजलला बघितलं, आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे सिंधुबाईंना म्हणाला, "या मॅडम."

सिंधुबाई बसल्या. वही काढली. आणि पहिलाच प्रश्न त्यांच्या तोंडातून आला तो असा, "पगारे म्हणजे मूळ कुठले?"

प्रफुल्लनं त्यांच्या वहीकडे बघितलं.

"हा प्रश्न धनराजअप्पांना विचारलात का? बोरस्ते म्हणजे मूळ कुठले?"

"नाही."

"मग पुढचा विचारा."

सिंधुबाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. इतकी वर्षं त्या लोकांना कात्रीत पकडत आल्या होत्या. आज एका पोरानं त्यांना पहिल्याच वाक्यात पकडलं होतं.

आतून प्रफुल्लची आई, आक्काबाई, चहाचा ट्रे घेऊन आल्या. सिंधुबाईंचा हात सवयीनं वर गेला. "नको, मी घेत नाही."

आक्काबाई थांबल्या. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. ट्रे तसाच मागं वळवत म्हणाल्या, "असू द्या, बाई. लय जण घेत नाहीत."

"नाही हो, तसं नाही. कामाचा नियम आहे माझा, मी कुणाकडेच—"

"असंल, असंल."

जितकं समजवावं तितकं वाईट होत होतं. पिशवीत थर्मास होता, पण तो आता काढून दाखवणं आणखी वाईट. सिंधुबाईंनी वहीचं पान उलटलं.

दारातून आक्काबाईंनी तेजलकडे बघितलं. "तेजल, तू इथं जेवलीयेस गं." एवढंच बोलून त्या आत गेल्या.

प्रफुल्लनं लॅपटॉप उघडला. "ज्या खात्यात पैसे गेले ते कुणाचं, हे कळत नाही. पण ते काय करतंय ते दिसतं. काहीच करत नाही. गेले त्या दिवसापासून पैसे तिथंच पडून आहेत. चोरानं एक नाणंसुद्धा मोडलेलं नाही."

"पट्ट्या ठोकताना तू कुठं होतास?"

"वर्कशॉपच्या बाहेर, टपरीवर. एकेकजण आत जायचा. तेजलनं तर आतून कडी लावली होती आणि वर मोबाइलच्या उजेडात कोपरे तपासले होते. मीच तिला सांगितलं होतं, माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवू नकोस." त्यानं अजूनही तिच्याकडे बघितलं नव्हतं. "तिला विचारा."

सिंधुबाई वळल्या. "खरंय?"

तेजल म्हणाली, "खरंय."

म्हणजे तिला माहीत होतं. ठरावावर सही करताना तिला माहीत होतं की कॅमेरा नव्हता.

५

परतताना तेजल गाडी चालवत होती.

"हे मंडळात का नाही सांगितलंस?" सिंधुबाईंनी विचारलं.

"सगळे एका सुरात बोलत होते."

"आणि?"

"आणि माझी चावी वापरली गेली होती, मॅडम. त्याच्यावरचं बोट हललं असतं तर माझ्यावर आलं असतं." तेजलनं गिअर बदलला. "तो आहे तोवर मी सुटलेय, असं वाटलं. वाटलं म्हणजे, तसंच होतं."

सिंधुबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. धीर देणारं काही त्यांच्याकडे नव्हतं. त्या स्वतः आत्ताच एका घरातून मान खाली घालून निघाल्या होत्या.

"पहिली पतसंस्था कोणती घेणार होतात? पावत्या नोंदवायला?"

"अप्पांचीच. द्राक्षवेल. दिवाळीआधी त्यांच्या सगळ्या बेदाण्याच्या पावत्या टेलवावर चढवायच्या होत्या."

"दिल्या पावत्या?"

"कुठल्या. आधी पाऊस संपू दे म्हणाले, मग पितृपक्षात नको, मग दसरा होऊ दे."

"आणि दसरा झाला."

"हो, आणि मग पैसेच गेले. आता प्रकल्प बंदच पडल्यात जमा आहे."

सिंधुबाईंनी थर्मास काढला, झाकण उघडलं, आणि चहा न ओतता परत लावलं.

"माझ्या नोकरीत मी एक शिकले. चोरीचा पैसा बसत नाही, पळतो. मेव्हण्याच्या नावावर पळतो, प्लॉटमध्ये पळतो. हा बसलाय. म्हणजे नेणाऱ्याला पैसा नको होता."

"मग काय हवं होतं?"

"ते लाल फडक्यात आहे," सिंधुबाई म्हणाल्या. "उद्या प्रफुल्लला बोलाव. मी सांगितलंय म्हण. तू बोलावतेयस म्हणू नकोस."

६

रविवारी अप्पांच्या केबिनमध्ये सगळं मंडळ दाटीवाटीनं बसलं. प्रफुल्ल आला आणि खंडेनवमीला उभा होता त्याच भिंतीशी उभा राहिला. त्याला कुणी खुर्ची दिली नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अप्पांनी खणातून गाठोडं काढलं, टेबलावर ठेवलं, गाठ सोडली. दोन पट्ट्या. दोन्हींवर हळदकुंकवाचा थर, अक्षरं झाकलेली.

"बघा," अप्पा म्हणाले. "जशा ठेवल्या तशा. कुनी हात लावलेला नाय. म्हंजे हितून चोरी झालेली नाय. म्हंजे ठोकतानाच झाली. आता कुनी केली ते मी बोलत नाय, मला कुनाचं वाईट करायचं नाय."

माना हलल्या. नवनाथनं प्रफुल्लकडे बघून 'आता बोल' असं केलं.

"ही तुमची ना?" सिंधुबाईंनी पहिली पट्टी उचलली, आडवी धरली आणि टेबलावर दोनदा ठकठक आपटली.

काही पडलं नाही. थर सिमेंटसारखा चिकटलेला, त्यात अक्षतांचे दाणे रुतलेले.

"आणि ही तेजलची."

ठक.

कुंकू भसकन टेबलावर सांडलं. कोरडी, भुरभुरीत भुकटी. दोन-चार तांदूळ घरंगळले. पट्टीवर ठोकलेली अक्षरं उघडी पडली, स्वच्छ, घासल्यासारखी.

नवनाथ टेबलावर वाकला.

"वहिनींनी सांगितलंय, पंचामृत दोन्हींवर सांडलं होतं. नवनाथच्या फोटोत दोन्हींवर ओला लगदा आहे," सिंधुबाई म्हणाल्या. "एकीवरचा वाळून दगड झाला. दुसरीवरचा कुणीतरी धुतला, शब्द वाचले, आणि वरून कोरडं कुंकू भुरभुरलं. हात लागला नाही असं दिसावं म्हणून. आता डोकं लावा. प्रफुल्लनं ठोकतानाच शब्द पळवले असते, तर पट्टी धुवायची गरज काय?"

"मग प्रिंटरच्या दिवशी धुतली असंल," कुणीतरी म्हणालं.

"धुतली असती तर दोन्ही. पैसे हलवायला पहिली आणि दुसरी, दोन्ही चाव्या लागल्या. प्रफुल्लकडे त्यातली एकही नव्हती. नवनाथकडेही नव्हती. त्यांना दोन्ही पट्ट्या वाचाव्या लागल्या असत्या. तेजलकडे तिची चावी होती. तिला अप्पांची पट्टी धुवावी लागली असती, आणि ती तर दगडासारखी आहे." सिंधुबाईंनी चष्मा काढला. "फक्त तेजलचे शब्द हवेत, पहिल्या चावीचे नकोत, असा माणूस या खोलीत एकच. ज्याच्या खिशात पहिली चावी आहे. आंघोळीला जातो तेवढीच लांब."

अप्पांचा हात आपोआप जाकिटावर गेला, आणि तिथंच राहिला.

"मी कशाला चोरीन? मी अध्यक्ष हाय. मला काय कमी हाय?"

"पैसा चोरायचा नव्हताच. म्हणून तर तो तसाच पडलाय. तुम्हाला ही सगळी योजना मारायची होती, आणि ती मारताना तुमच्याकडे कुणी बघू नये म्हणून एक माणूस तयारच होता." त्यांनी भिंतीकडे बघितलं नाही. "दिवाळीआधी द्राक्षवेलच्या बेदाण्याच्या पावत्या नोंदवायच्या होत्या. त्या आत्ता माझ्यापुढं ठेवा. तोच बेदाणा आणखी कुठल्या पतसंस्थेत तारण आहे, ते मी जिल्हाभर फोन करून सोमवारी दुपारपर्यंत सांगते."

दारात प्रतिभावहिनी होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाशी नेला.

अप्पा खुर्चीत जरा खाली घसरले. "माझ्या एकट्याचं नाय ते," ते म्हणाले. "मेव्हण्याचं स्टोरेज हाय. एकाच मालाच्या दोन पावत्या. संचालकांना माहीत हाय. सगळेच करतात." मग टेबलावरच्या कुंकवाकडे बघत म्हणाले, "पैसे परत टाकतो मी. एक पै घेतली नाय."

७

अप्पांनी सगळ्यांसमोर यंत्र काढलं आणि पैसे परत टाकले. शून्य गेलं. सिंधुबाईंनी सहकार खात्यात फोन लावला, कुणाची परवानगी न घेता.

मग जे झालं ते चोरीपेक्षा घाण होतं.

"चला," नवनाथ हात चोळत म्हणाला, "झालं गेलं गंगेला मिळालं. प्रफुल्लभाऊ, बस ना, उभा का? अरे, त्याला खुर्ची द्या. राग नको मानू. गैरसमज झाला."

"मला सोमवारी बँकेत कागद द्यायचाय," प्रफुल्ल म्हणाला. तो बसला नाही.

"देऊ की. जुना ठराव आत्ता फाडतो, नवा लिहितो." नवनाथनं फाइल काढली, कागद टराटरा फाडला, टोपलीत टाकला. "संपलं."

"कागद संपला. तो आणखी कुठंय?"

कुणाला कळलं नाही. तेजलला कळलं.

मंडळाचा प्रत्येक ठराव टेलवावर जायचा. पारदर्शकता म्हणून. हॉलाहॉलात तिनंच तो मुद्दा पडद्यावर दाखवला होता. आमचा ठराव आम्हालाही बदलता येत नाही, म्हणून तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवा.

"मॅनेजर माझं नाव टाकून बघतील," प्रफुल्ल म्हणाला. "आधी तुमचा ठराव येईल. नंतर तुमची माफी येईल, दिलीत तर. याच क्रमानं. माझं लग्न ठरवायला कुणी आलं, दुसऱ्या नोकरीला गेलो, तरी याच क्रमानं. मी स्वतः बसवलीय ही व्यवस्था. मलासुद्धा पुसता येत नाही."

केबिनमध्ये टेबलाच्या काचेवर कुंकू पसरलं होतं. कुणीतरी उगाच ते फडक्यानं पुसायला लागलं.

तेजलनं लॅपटॉप ओढला. "मी लिहिते. काय लिहू?"

"खरं लिही. का ठरवलंत, ते पण लिही."

तिनं लिहिलं. प्रफुल्ल पगारे निर्दोष आहेत. चोरी अध्यक्षांनी केली. मग थांबली. नवनाथ मागून वाचत होता. "गैरसमजातून झालं, असं टाक. बास झालं तेवढं."

"गैरसमज नव्हता," तेजल म्हणाली. तिनं पुढचं लिहिलं. 'त्याची चावी वापरली गेली नव्हती, हे आम्हा सर्वांना दिसत होते. कॅमेरा नव्हता, हे मला माहीत होते. त्याने पूजेत हात जोडले नाहीत आणि तो आमच्यातला नाही, म्हणून आम्ही त्याला चोर ठरवले.'

तिनं स्क्रीन सगळ्यांकडे फिरवली. "नावं टाकायचीत."

एकाला पिंपळगाव मार्केटला जायचं होतं. एकाचा फोन वाजला, किंवा वाजल्यासारखा त्यानं कानाला लावला. एकजण म्हणाला, एवढं उघडं लिहायची काय गरज, समाजात तेढ होते. खुर्च्या मागं सरकल्या. केबिन रिकामी व्हायला वेळ लागला नाही.

सिंधुबाई दाराशी प्रफुल्लजवळ थांबल्या. "मंडळाचा कागद निघेल न निघेल, माझा अहवाल सोमवारी सकाळी बँकेत असेल. मी घेऊन जाईन. आणि तुझ्या आईला सांग..."

"तुम्हीच सांगा," तो म्हणाला. आवाज कडू नव्हता. गोडही नव्हता.

तेजलनं आपलं नाव टाकलं आणि बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात जिन्यावरून पावलं परत आली. नवनाथ. तो दारातच उभा राहिला, चप्पल न काढता.

"माझं बी टाक," तो म्हणाला. "पयला ठराव मीच लिहिला होता."

तेजलनं त्याचं नाव टाकलं आणि नोंद पाठवली.

टेलवावर त्या दोन्ही नोंदी आजही आहेत. पहिलीखाली सगळ्या मंडळाची नावं आहेत. दुसरीखाली दोन. ज्याला बघायचंय त्यानं बघावं.